आईच्या खोलीसाठी हलवलेली बोगनवेल

नाना, तुमची बोगनवेल मी हलवली. आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला लांबण लावलेली आवडायची नाही. आईला आता जिना चढवत नाही. सकाळी वरच्या खोलीतून खाली यायचं तर एकेका पायरीवर बसत येते आणि मला बघून म्हणते, "माझ्याकडं नको बघू, दुधाकडं बघ." तिच्यासाठी खाली खोली काढायची तर आपल्या रो-हाऊसला जागा एकच, फाटकाजवळची, आणि तिथं तुमचं झाड. माझी बदली परत इथं झाल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळं ठरवायचंही दोघींनीच. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "झाड मेलं तर मला खोली नाय पायजे. मी जिन्यावरच बशीन." जन्मभर जिनं त्या झाडाला काटेरी म्हणून नावं ठेवली, देवाला चालणारं एक फूल देत नाही म्हणून तुमच्याशी भांडली, ती हे बोलत होती. मला हसू आलं आणि भीतीही वाटली, कारण ती बोलते तसं करते.

तुम्ही पैठण रस्त्याकडची मोसंबीची बाग सोडून चिकलठाण्याच्या कारखान्यात आलात, पण बाग काही तुमच्या डोक्यातून गेली नाही. चादरीएवढ्या अंगणात तुम्ही तगर लावली, जास्वंद लावली, कुंती लावली आणि बोगनवेल. लोकांच्या बोगनवेली भिंतीवर चढायच्या. तुम्ही आपलीचे बाजूचे फुटवे काढत, लोखंडी पाइपाला बांधत तिचं छोटं झाडच केलंत. आणि मोसंबीला देतात तसा तिला ताण द्यायचात. बहार धरायचा तर आधी झाडाला तहानलेलं ठेवतात, हे मला कुठं ठाऊक? मी सातवीत आहे, तुम्ही पहिल्या पाळीला गेलेले आहात, आणि दुपारच्या उन्हात पानं माना टाकून उभी आहेत. मी तांदळाचं धुवण घातलं, दुसऱ्या दिवशी कपड्यांचं पाणी, मग आठवडाभर रोज. त्या हिवाळ्यात नुसती पानं आली, फूल एक नाही. तुम्ही मातीत बोट घालून बघितलंत आणि मला विचारलंत, "झाडाला तहान लागली व्हती, का तुलाच करमत नव्हतं?" मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत, म्हणून आणखी रडले. पुढच्या वर्षी मात्र ताण कधी तोडायचा ते तुम्ही माझ्यावर सोपवलंत. "दुपारी मान टाकली तर भिऊ नको. सकाळी बी तशीच दिसली, तर मग पाणी घाल." शाळेत जायच्या आधी मी रोज पानं बघायची. ज्या सकाळी मी पाणी घातलं, तेव्हा तुम्ही अंगणात दाढी करत होता आणि आरशातून मानसुद्धा वळवली नाहीत. इतका विश्वास माझ्यावर नंतर कुणीच टाकला नाही, नाना. नोकरीतही नाही.

हलवताना सगळं तुमच्या पद्धतीनं केलं. खोडाच्या उगवतीकडच्या बाजूला गेरूचा पट्टा ओढला, म्हणजे नव्या जागीही तीच बाजू उगवतीला राहील. भोवतीचा चर एकदम न खणता आधी अर्धा, तीन आठवड्यांनी उरलेला. फांद्या छाटल्या, मुळांचा गड्डा गोणपाटात बांधला. मिस्त्री, त्याचा जोडीदार आणि मी, तिघांनी तो ओढत मागच्या भिंतीशी, जिथं जेमतेम झाडापुरती जागा आहे तिथं, नेला. खड्ड्यात उतरवताना गड्ड्याची एक बाजू ढासळली आणि मुळं उघडी पडली. मिस्त्री मला बहीण मानून 'बाजी' म्हणतो, तो हात झटकत म्हणाला, "बाजी, अब अल्ला मालिक." पाचव्या दिवसापासून पानं गळायला लागली आणि आठवड्यात झाडाचा सांगाडा झाला. खोलीचा पाया भरून झाला होता, पण आईनं भिंत उचलू दिली नाही. रोज खुर्ची घेऊन त्या काड्यांसमोर बसायची.

मी ऑफिसातून आले की आईच्या नकळत धुण्याचं बादलीभर पाणी घालत होते. माती काही वाळेना. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणारं आपलं शहर, आणि आपल्या झाडाखाली चिखल! एका पहाटे लवकर जाग आली. खाली आले तर आई एका हातानं भिंत धरून, दुसऱ्या हातात मग घेऊन चाललेली. आदल्या दिवशीचं अंघोळीचं पाणी तिनं बादलीत साठवलेलं, आणि ते एकेक मग नेऊन झाडाला घालत होती. मी उठायच्या आत, तो जिना बसत बसत उतरून. मी ओरडलेच, "आई, झाडाला तहान लागलीय, का तुलाच करमत नाही?" माझ्या तोंडून तुम्हीच बोललात. आई दचकून थांबली, पण लगेच सावरली. "आन् तू सांजच्याला बादली घिऊन कुठं जातीस? मला दिसत नाय व्हय?" वापरलेलं पाणी वाया घालवायचं नाही, झाडाला घालायचं, ही आपल्या घराची सवय. ती दोघींनी एकमेकींपासून लपवून इतकी पाळली की झाड बुडायला आलं. आम्ही पायरीवर बसून पोट धरून हसलो. मग हसता हसता आई रडायला लागली. "त्यांचं एवढंच उभं राह्यलंय गं," म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. किती हलकी झालीय ती.

मी नखानं साल खरवडून बघितली, आत हिरवं होतं. चिखल उकरून काढला, कोरडी माती आणि वाळू भरली, आणि पाणी बंद केलं. पुढचे अठरा दिवस आम्ही एकमेकींवर पहारा ठेवला. एकोणिसाव्या दिवशी आईनं मला आंघोळीतून हाका मारून बाहेर काढलं. छाटलेल्या फांदीखाली तांबूस कोंब होता, तांदळाच्या दाण्याएवढा. मिस्त्रीला फोन तिनंच लावला. "भित्ती उचला म्हनावं, झाडानं कबूल केलं." आता ती नव्या खोलीत झोपते, आणि झाडाला हातभर फुटवे आलेत.

हे कागद मात्र आईच्या हाती लागू द्यायचे नाहीत, म्हणून कपाटात साड्यांच्या खाली जातील. पानं गळत होती तेव्हा मी नर्सरीतून दुसरी बोगनवेल आणून शेजारणीच्या गच्चीवर लपवली होती. तुमचं झाड गेलंच, तर ती त्या जागी लावून "बघ, फुटलं" म्हणणार होते. उंची कमी वाटली तर छाटलं म्हणून सांगायचं, इथवर ठरवलं होतं. शेजारीण परवा बोलावून घेऊन गेली, कुंडी फुलली म्हणून. तुमच्या झाडासारखाच राणी रंग सांगून आणलेली, आणि फुलं चक्क केशरी. आईनं पहिल्या दिवशीच ओळखलं असतं, नाना.