माझ्या पत्रात नसलेलं वादळ

अ‍ॅशमेर, मॅसॅच्युसेट्स
आठव्या महिन्याचा, म्हणजे ऑक्टोबरचा, बारावा दिवस, १६४१

प्रिय बेथिया,

तुला, सिलासला आणि लहानग्या जोनला आशीर्वाद. देवाच्या दयेनं आम्ही सगळे धडधाकट आहोत. काल पहिलं दंव पडलं. मका घरात आला, भोपळे कापून दोऱ्यांवर वाळत टाकलेत. लाल गाय व्याली, पुन्हा गोऱ्हाच झाला.

तुझं पत्र मला पेरणीच्या दिवसांत मिळालं. त्यानंतर तुमच्या नदीकडे जाणारे निदान तीन जण आमच्या दारावरून गेले आणि तिन्ही वेळा मी हाताला पीठ लागलंय म्हणून लिहायचं टाळलं. पीठ धुता येतं, हे मलाही कळतं.

आधी बातम्या सांगते. आपला भाऊ गाइल्स आला. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला बोटीतून उतरला, दाढी वाढवून, वडिलांसारखाच खोकत. म्हणतो, तिकडे इंग्लंडात, सफकमध्ये, आता राहिलंय कोण? विणकर निघाले, सुतार निघाले, शेवटी पाळकही निघाले. त्यानं आईची पेटीही आणली. आईच्या चादरी, पितळी चमचे, आणि तळाशी निळ्या फितीत बांधलेली पत्रं. माझी पत्रं. आईनं चारही जपून ठेवली होती.

दुसरी बातमी, सभाघरात नवी बाकं आली आणि जागा पुन्हा ठरवल्या गेल्या. वय, जमीन, मान बघून नेहमीसारखंच. तीन आठवडे बायका एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या. मला बायकांच्या बाजूची दुसरी ओळ मिळाली होती. मिळाली होती, असंच लिहिते. का, ते पुढे येईल.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. तू लिहिलंयस, जोनचा खोकला जात नाही, वर्षाची झाली तरी बसत नाही, सुईणबाई म्हणते हिवाळा काढणं कठीण आहे. तिला बाप्तिस्मा हवा. तुमच्या चर्चच्या मंडळीला आमच्या मंडळीचा दाखला हवा, की तुझ्यावर काही ठपका नाही. “ताई, वडीलमंडळींना विचारून बघशील का?” एवढंच. पत्रात ना एक शिवी, ना एक टोमणा. मला त्याचाही राग आला बघ. बेथिया, भांडायच्या वेळीही तू माझ्यापेक्षा चांगली का असतेस?

आपल्या गावच्या देवळात मूल जन्मलं की आठवड्याच्या आत त्याला पाणी लागायचं, मग बाप चोर असो की दारुडा. इथं समुद्र ओलांडून आलो आणि आम्ही नियम घट्ट केले. आई किंवा बाप मंडळीत असला पाहिजे, आणि मंडळीत यायचं तर सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, देवानं आपल्या मनाला कधी आणि कसा हात लावला त्याची. सिलास बिचारा पिंपं बनवणारा माणूस, पिंपांशीच बोलतो. तेव्हा सगळी मदार तुझ्यावर होती. आणि तू पोटुशी होतीस. मला ते माहीत होतं. मी ते सगळं माहीत असूनच केलं.

आता आलेच आहे तर पहिल्यापासून सांगते.

आम्ही आलो तेव्हा इथं घर नव्हतं. पहिला हिवाळा आम्ही टेकडीच्या पोटात खणलेल्या खड्ड्यात काढला, वर फांद्या आणि माती. शिंपल्या खाल्ल्या, ओकची फळं उकडून खाल्ली. इथल्या ज्या मूळ लोकांनी ही शेतं साफ केली होती ते आमच्या आधीच तापानं गेले होते, म्हणून तर आम्हाला झाडं न तोडता मका पेरता आला. त्याच हिवाळ्यात माझी पोर, आईच्याच नावाची जोन, गेली, आणि तिच्या मागोमाग बाळ. जमीन इतकी गोठली होती की पुरायला तुझ्या भावजींना, रॉजरना, दोन दिवस खणावं लागलं.

आणि त्याच खड्ड्यात बसून मी आईला लिहिलं की इथं स्ट्रॉबेरी इतक्या पिकतात की चालताना बूट लाल होतात. इथं कुणा सरदारापुढे टोपी काढावी लागत नाही. नदीत मासे हातानं धरता येतात. जोन गेल्याचं एका ओळीत लिहिलं, बाकी सगळं स्ट्रॉबेरीचं. का लिहिलं, सांगू? आई ते तुला वाचून दाखवणार, हे मला माहीत होतं. आईजवळ राहिलीस तू, आईच्या चादरी तुझ्या वाट्याला येणार, आईचा हात तुझ्या डोक्यावर. माझ्याकडे निदान तुझ्याकडे नसलेलं काहीतरी आहे, असं तुला वाटावं. मला तुला जळवायचं होतं.

तू जळली नाहीस. तू निघून आलीस.

धक्क्यावर उतरलीस आणि पहिलंच वाक्य काय बोललीस आठवतं? “अगं ताई, किती वाळलीस गं!” तुझे गाल लाल, दात सगळे जागच्या जागी. तोवर आमच्याकडे धुराडं होतं, गाय होती, कुंपण होतं. ज्या चुलीसाठी मी दोन मुलं दिली त्या चुलीशी तू पहिल्याच दिवशी पाय शेकत बसलीस. आणि बोटीवरच्या कप्तानाची नक्कल करून दाखवलीस. रॉजर हसले. मोठ्यानं, पोट धरून. त्या हिवाळ्यानंतर ते असे हसलेले मी ऐकले नव्हते. मी भांडी घासायला बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाही.

मग सगळ्यांचीच तू लाडकी झालीस. चीज बिघडलं की बेथियाला बोलवा. स्तोत्राची चाल चुकली की बेथियाला सुरुवात करू दे. मंडळीचे एक कारभारी, वडील पेल, यांची बायको मला म्हणाली, “डॅमरिस, धाकटी आली तशी तूसुद्धा बरी दिसायला लागलीस हो!” तिला वाटलं माझं कौतुक केलं. मी घरी येऊन मक्याची कणसं अशी सोलली की नखं फुटली.

नंतर तुझी साक्ष झाली.

तू बोललीस तेव्हा मी तिसऱ्या ओळीत बसले होते. तू बोटीतल्या वादळाचं सांगितलंस. तळघराचं झाकण बंद, गुडघाभर पाणी, सगळे ओरडून वाचव वाचव म्हणतायत, आणि तुझ्या मांडीवर कुणा परक्या बाईचं पोर. तू म्हणालीस, “मी मागायला तोंड उघडलं, पण मागायला काही उरलंच नव्हतं. मी या पोराला धरलंय तसं मला कुणीतरी धरलंय, एवढंच कळलं.” बस, दोन-चार वाक्यं. पाळक डोळे पुसत होते. पलीकडे रॉजर खाली मान घालून बसले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. माझी मुलं पुरताना ते रडले नव्हते, बेथिया. तुझ्यासाठी रडले.

कुणाला काही म्हणायचं असेल तर पुढच्या प्रभुवारपर्यंत, रविवारच्या सभेपर्यंत, सांगावं, असं वडील पेल म्हणाले. त्या आठवड्यात मी रॉजरना सांगितलं, “अहो, मला बोलायला जीव होत नाही, पण ते वादळ माझं आहे. मी आईला पहिल्या पत्रात ते सगळं लिहिलं होतं, पोर आणि मांडी आणि सगळं. तिनं ते वाचून आपलं म्हणून सांगितलं.”

माझ्या बोटीतलं इथं दुसरं कुणी नव्हतं, आणि ते स्वतः आधीच्या बोटीनं पुढे आले होते. ते म्हणाले, “खात्री आहे?”

मी म्हणाले, “माझं पत्र मला माहीत नाही का?”

बाईनं सभेत हरकत घ्यायची रीत नाही. ते उठले आणि माझं म्हणणं त्यांनी सांगितलं. त्यांच्या शब्दाला किंमत आहे इथं. तू माझ्याकडे बघितलंस आणि एक शब्द बोलली नाहीस. लोकांना ते कबुलीसारखं वाटलं. पत्र सफकमध्ये, पेटीच्या तळाशी, मध्ये अख्खा समुद्र. बघायला जाणार कोण? इथं आलेल्या प्रत्येकाचं मागचं सगळं तिकडेच राहिलंय. माणूस स्वतःबद्दल जे सांगेल ते खरं. तुझं मागचं जाणणारी इथं मी एकटी होते, आणि मी खोटं बोलले.

तुझं नाव नाकारलं गेलं. शरदात तुम्ही नदीकडे निघून गेलात. जोन तिथंच जन्मली. आईचं नाव, माझ्या पोरीचं नाव तू ठेवलंस म्हणूनही मी चिडले होते. आता लिहिताना लाज वाटते, पण चिडले होते हे खरं.

गाइल्स आला त्या आठवड्यात जेवणानंतर तुझे भावजी म्हणाले, “आण बरं ती पत्रं, बघू तू त्या खड्ड्यातून काय काय लिहायचीस.” खूश होते. मी म्हणाले, जुनी आहेत, वाळवीनं खाल्लीत. गाइल्स म्हणाला, “कुठं वाळवी? आईनं त्यात लॅव्हेंडर घातलंय.” आणि फीत सोडून त्यानंच पहिलं पत्र पुढे केलं.

रॉजरनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. प्रवास नऊ आठवड्यांचा झाला. हवा चांगली होती. खलाशी शिव्या देतात. आमची गाय वाटेत मेली. मग स्ट्रॉबेरी. त्यांनी पान उलटून पाहिलं. दुसरं पत्र वाचलं, तिसरं, चौथं, आता मनातल्या मनात.

“वादळ कुठंय गं?”

मी भांडं पुसत राहिले.

“डॅमरिस, वादळ कुठंय?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी पत्रं पुन्हा फितीत बांधली, जशी होती तशी. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “जीभ माझी होती.” आणि कोठारात गेले. त्या दिवसापासून जेवायला घरात येतात, बोलतात ते गाइल्सशी.

गेल्या प्रभुवारी मी सभाघरात उभी राहिले. माझी कबुली पाळकांनी वाचली, मी लिहिलेली, काहीही न वगळता. मत्सर हा शब्द त्यात पाच वेळा होता. सहा महिने मला प्रभुभोजन नाही आणि बाक शेवटचं, दाराशी, जिथं थंडी वाजते. पेलबाईनं माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. तुझ्यावरचा ठपका निघाला. दाखला या पत्रात घातलाय, पाळक आणि मंडळीच्या दोन्ही वडिलांच्या सह्यांनी. तो घेऊन आजच जा. जोनला उबदार गुंडाळून ने. पाणी थंड असेल तर आधी चुलीजवळ ठेवायला सांग, तुझे पाळक नाही म्हणणार नाहीत.

इथं थांबले असते तर पत्र बरं झालं असतं. रॉजरनाही वाटतं, मी सगळं सांगितलं.

दुसऱ्याची साक्ष आपली म्हणून सांगता येते, हे मला कसं सुचलं, हे कुणीच विचारलं नाही. मी ते केलं होतं म्हणून सुचलं. आमच्या बोटीत माझ्या शेजारच्या फळीवर अ‍ॅग्नेस नावाची म्हातारी विधवा होती. तिनं मला सांगितलं होतं, नवरा गेल्यावर ती विहिरीवर पाणी काढायला गेली, आणि दोर ओढता ओढता रडू थांबलं, मन हलकं झालं, ते पुन्हा कधी जड झालं नाही. जमीन दिसायच्या तीन आठवडे आधी ती गेली, समुद्रातच सोडली तिला. तू यायच्या आदल्या वर्षी मी साक्ष दिली, ती तिची. विहिरीच्या जागी झरा घातला, नवऱ्याच्या जागी माझी मुलं. मला प्रवेश मिळाला. माझ्या साक्षीला कुणी रडलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या मनाला कधी कुणी हात लावला नाही, बेथिया. त्या खड्ड्यातही नाही. मुलं पुरताना मी वाट पाहिली होती. काहीच आलं नाही. आणि तू काल उतरलेली, लाल गालांची, तुला ते मागितल्याशिवाय मिळालं. त्या दिवशी तिसऱ्या ओळीत बसून मला कळत होतं की हे खरं आहे. खोटं असतं तर मला एवढं झोंबलं नसतं.

हे मी मंडळीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मला काढूनच टाकतील, आणि रॉजर बहुतेक कोठारातच राहतील. घाबरते म्हणून सांगत नाही. मी भित्री आहे, हेही आता तुला माहीत झालं. पण तुझ्याबद्दल खोटं बोलायची ताकद जशी माझ्या एकटीच्या हातात होती, तशी माझ्याबद्दल खरं बोलायची तुझ्या एकटीच्या हातात असावी, असं वाटलं. हे पत्र तुमच्या पाळकांना दाखवायचं तर दाखव. ते आमच्या पाळकांना लिहितील. मी नाकारणार नाही. चुलीत घालायचं तर घाल.

तुझा हेवा अजून वाटतो. दाखला घडी करतानाही वाटत होता. जोनला पाणी लागेल तेव्हा तू जे अनुभवशील त्याचाही वाटेल. पण ती हिवाळा काढो, असं मी मागते. रोज मागते. मागितलेलं कुणी ऐकतं की नाही, ते तुला जास्त माहीत.

तू म्हणशील तरच, तुझी ताई,
डॅमरिस थर्लो