ट्रीकल डावीकडे वळत नाही

प्रिय वर्नाताई,

धाकट्याचा नमस्कार घे. वाकून करायला हवा होता, पण उभ्या उभ्याच चालवून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझा काकाकुवा अजून समोरच्या पाद्रीबाबांना वाईटसाईट बोलतो, की सुधारला? तुमच्या तूवूम्बाला पाऊस पडल्याचं रेडिओवर ऐकलं. आमच्या टॅलो क्रीकला ढग येतात, भाड्याचं घर बघायला आल्यासारखे इकडेतिकडे बघतात आणि कळवतो म्हणून निघून जातात. ग्वेंडा मजेत आहे आणि तुझी फार आठवण काढते (म्हणजे नाताळात तुझ्याकडे राहिलेल्या तिच्या केकच्या भांड्याची). मी ठणठणीत आहे.

पत्रास कारण आमची ट्रीकल. तुझ्या हॅटवरच्या कापडी चेरी जिने खाल्ल्या, तीच घोडी. कळपातून एक वासरू नेमकं फोडून बाहेर काढायचं तर आजही तिच्या तोडीचं जनावर या भागात नाही, हे माझे शत्रूसुद्धा कबूल करतील (शत्रू म्हणजे आमचे जावईबापू, डार्सी). पण गेल्या हिवाळ्यापासून तिने एक नवीनच खूळ काढलं. ड्राफ्टच्या शर्यतीत फोडलेलं वासरू खुंटांभोवती हाकताना उजव्या खुंटाला छान वळसा घालायची, आणि डाव्या खुंटाची वेळ आली की कान मागे पाडून सरळ चालू लागायची. वासरू एकीकडे, आम्ही दुसरीकडे. मागच्या ड्राफ्टला तर आम्ही दोघं थेट चहाच्या तंबूत शिरलो. भोपळ्याचे स्कोन मांडून बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या, पंचाने चाबूक वाजवून आम्हाला बाद केलं, आणि मी खोगिरावरूनच दोन स्कोन विकत घेतले, म्हणजे निदान मुद्दाम आल्यासारखं दिसावं.

डार्सीला निमित्तच हवं होतं. त्याचा डोळा एका तरण्या घोड्यावर आहे. तो मला म्हणाला, "बाबा, तिचं वय झालं. पंधरा दिवसांनी सोमवारी माझा ट्रक गुरं घेऊन विक्रीला चाललाच आहे. तोवर वळली तर ठीक, नाहीतर तीही जाईल." बोलला अगदी गोड, नेहमीसारखा. ट्रीकल जन्मली तेव्हा तिला माझ्याच शर्टाने पुसलं होतं. चौदा वर्षांची घोडी विक्रीत उभी केली की तिला कोण घेतं आणि कशासाठी घेतं, ते तुला मी सांगायला नको.

मग मी शोधमोहीम काढली. नालबंद आला, चारही खूर बघून त्याने मान हलवली. दात तपासून झाले. पशुवैद्य आला, त्याने बिल दिलं. खोगीरवाल्याने खोगीर उलटंपालटं करून सांगितलं की एवढं चांगलं खोगीर हल्ली कुणी बनवत नाही (त्यानेच बनवलंय). सगळ्यांनी हात टेकल्यावर ग्वेंडा म्हणाली की त्या मार्नी डलहंटीला बोलावू, ती घोड्यांना मालिश करते. मी हसलो. मी आयुष्यभर गुरं हाकली, रात्री जमिनीवर झोपलो, मला कुणी मालिश केली नाही आणि घोडीला करायची? ग्वेंडा म्हणाली, तू हसून घे, मी फोन करते.

आता ताई, मालिश म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे जे येईल तेच माझ्याही आलं. मी जुने टॉवेल काढून ठेवले, अंगाला चोळायच्या लिनिमेंटची बाटली ठेवली, बादलीभर गरम पाणी ठेवलं. मार्नी आली ती एक प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन, बस. चाळिशीची बाई, पूर्वी शर्यतीचे घोडे फिरवायची, बोलते इतकं हळू की आपोआप पुढे झुकावं लागतं. बाटलीकडे बघून म्हणाली, हे तुम्हालाच ठेवा. नंतर मला ट्रीकलला खडीवरून इकडून तिकडे चालवायला लावलं, आणि स्वतः डोळे मिटून उभी राहिली. टापा ऐकत होती म्हणे. मी दोन चकरांनंतर विचारलं, काय ऐकू येतं? ती म्हणाली, तुमचे बूट.

मग तिने ट्रीकलच्या कानामागे हात ठेवला. ठेवला म्हणजे काय, माशी बसावी इतपत. दाबला नाही, चोळला नाही. मी वाट बघतोय की आता रगडायला लागेल, पण बाई नुसती उभी. मला वाटलं झोप लागली. मग ट्रीकलने डोळ्यांची उघडझाप केली आणि मार्नीचा हात इंचभर मागे सरकला. पुन्हा तेच. मानेवरून, खांद्यावरून, पाठीवरून, असं करत करत. मध्येच घोडीचा खालचा ओठ सुटला, एक मागचा पाय सैल पडला, आणि तिने जांभई दिली, ताई, अशी जांभई की सगळे दात मोजून घ्यावेत. मागोमाग दुसरी, तिसरी. मला राहवेना. आत काय होतं? हात गरम असावा लागतो का? थंड हाताने झालं असतं का? डोळा मिटला म्हणजे दुखलं की बरं वाटलं? बैलाला चालतं का? शेवटी मार्नी म्हणाली, "काका, ती मला काहीतरी सांगतेय. तुम्ही दोघं एकदम बोललात तर मी कुणाचं ऐकू?"

"मला लग्नापासून हाच प्रश्न पडलाय," ग्वेंडा कुंपणावरून म्हणाली.

खोगिराच्या मागच्या बाजूला पोहोचल्यावर मात्र मार्नीने माझाच हात धरून तिथे ठेवला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. डावीकडे मऊ कणीक. उजवीकडे फळी, अगदी फळी. तिने सांगितलं की डावीकडे वळायचं तर उजवी कूस ताणली गेली पाहिजे, आणि ही ताणतच नाही, म्हणून बिचारी वळत नाही. या पाठीवरून मी रोज खरारा फिरवतो, आणि मला काही कळलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी तिथेच घोडीची माफी मागितली. मार्नीने ती उजवी कूस मोकळी केली, मला रोज थोडं काय करायचं ते दाखवलं, आणि जाताना म्हणाली की हे परत आखडणार, कारण हे कशामुळे होतंय ते अजून सापडलेलं नाही.

पण मला एकदा एखादी गोष्ट लागली की लागली, तू जाणतेसच. दुसऱ्या दिवशी मी ट्रीकलचं आटोपून आमच्या दुभत्या गाईकडे, डचेसकडे, वळलो. डचेसला ते इतकं आवडलं की तिने सगळं वजन माझ्या अंगावर टाकलं आणि मी गाय आणि कठडा यांच्यामध्ये लाटला गेलो. ग्वेंडाने खाद्याची बादली वाजवून मला सोडवलं (सावकाश वाजवली, हेही नोंदवून ठेवतो). नंतर शेजारणीचा लांब मानेचा, लोकरीचा अल्पाका. त्याच्या कानामागे मी अगदी माशीसारखा हात ठेवला, डोळ्याची उघडझाप व्हायची वाट बघितली, आणि तो माझ्या तोंडावर थुंकला. मार्नीला फोन करून विचारलं, हे चांगलं लक्षण का? ती म्हणाली, आधी तोंड धुवा.

खरा घोळ स्पॅनरने केला. स्पॅनर आमचा गुरं हाकणारा कुत्रा, कामाला वाघ. त्याच्या खांद्याला मी सलग काही दिवस हात लावला. एका सकाळी आम्ही गुरं वाड्याकडे आणत होतो, मी फाटकाशी खाली उतरून उभा, डार्सी मागे मोटरसायकलवर, आणि स्पॅनरने बाजूची मोकळी जागा धरून ठेवायची होती. सगळा कळप तोंडाशी आला आणि स्पॅनर धावत माझ्याकडे आला, माझ्या बुटाला पाठ टेकवून आडवा पडला आणि डोळे मिटून घेतले. कळपाने थोडा विचार केला आणि शेजाऱ्याच्या ज्वारीत गेला. डार्सी आला, त्याने कुत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाबा," तो म्हणाला, "ज्वारी खाऊन झाली की एकेकाला रगडायचंय का? म्हणजे मी रांग लावतो." दुपारपर्यंत आम्ही ज्वारीतच होतो.

मार्नी पुन्हा आली ती रविवारी. डार्सीने ट्रक धुऊन अंगणात उभा केला होता. ट्रीकलची उजवी कूस परत फळी झाली होती, मी इतकं चोळूनसुद्धा. मार्नीने या वेळी घोडी बघितली, खोगीर बघितलं, रिकिबी बघितल्या, माझे बूटही बघितले. मग जे काय केलं ते केलं, आणि ट्रीकल आमच्याच मैदानात डाव्या खुंटाला असा सुंदर वळसा घालून आली की डार्सीने हॅट काढली. सोमवारी ट्रक तिच्याशिवाय गेला. मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. मी तिच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिलो. तेव्हा काळजी नसावी. घोडी सुटली, सगळं ठीक आहे.

पाद्रीबाबांना सांग, पोपटाचं मनावर घेऊ नका.

तुझा भाऊ,
अ‍ॅथॉल

ता. क. ग्वेंडाने पत्र वाचलं आणि म्हणाली, "जे काय केलं ते केलं, म्हणजे काय? नीट लिही." तर लिहितो. मार्नीने पाहिलं की माझी उजवी रिकीब डावीपेक्षा दोन भोकं खाली आहे. मीच केली होती, पायाला बरं वाटतं म्हणून, त्यात बघण्यासारखं काय आहे? बुटाची डावी टाच झिजून गेलेली. मग तिने मला एका पालथ्या पिंपावर बसवलं आणि मागे उभी राहून बघत बसली. नंतर रिकिबी सारख्या केल्या आणि ग्वेंडाला म्हणाली, मावशी, तुम्ही बसा. ग्वेंडा, जी आमची पोर झाल्यापासून ड्राफ्टच्या मैदानात उतरलेली नाही! ती बसली आणि घोडी वळली. मार्नी मला म्हणाली, "काका, घोडीला काही झालेलं नाही. तुमचा उजवा खुबा दुखतो, म्हणून तुम्ही डावीकडे कलून बसता, आणि तुम्ही पडू नये म्हणून ती बिचारी उजवी कूस आवळून तुम्हाला धरून ठेवते." दात, खूर, खोगीर, सगळं तपासलं आम्ही, वर कोण बसलंय ते कुणी बघितलं नाही. इथे कुणाच्या डोक्यातच येत नाही ते. मी म्हटलं, मग मलाच मालिश कर. तर म्हणते मला माणसांना हात लावायची परवानगी नाही, फक्त जनावरांना. ग्वेंडा वरून म्हणाली, मग अडचण कसली?

ता. क. दुसरा. डॉक्टरांकडे गेलो. खुब्याचं हाड झिजून संपलंय म्हणतात, नवीन बसवणार. येत्या शुक्रवारी, तुमच्या तूवूम्बालाच. म्हणजे वर जे ठणठणीत लिहिलंय ते खोडून वाच. नंतर काही आठवडे मला तुझ्या मागच्या खोलीत पडू देशील का? पोपटाला सांभाळून घेईन. आपले बाबा दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत, तेव्हापासून मी जनावराच्या डॉक्टरखेरीज कुणाच्या दारात उभा राहिलेलो नाही. मला भीती वाटते, ताई. एवढं लिहायला तीन पानं घोडीवर घालवली.

ता. क. शेवटचा, टपालगाडीची धूळ दिसायला लागलीय आणि ग्वेंडा डचेसकडे गेलीय, म्हणून घाईत. ऑपरेशन शुक्रवारी आणि इथल्या जत्रेतला ड्राफ्ट शनिवारी. ग्वेंडाचं नाव ट्रीकलवर लागलंय, मीच लावलं. आता ती म्हणते नाव काढून घेते आणि दवाखान्यात माझ्या उशाशी बसते. ट्रीकलच्या अंगात फार तर हा एक हंगाम उरलाय. आणि त्या रविवारी डाव्या खुंटाला वळताना ग्वेंडा मोठ्याने हसली, असं हसताना मी तिला किती वर्षांत बघितलं नव्हतं. तर तू तिला फोन कर आणि ठणकावून सांग की भावाजवळ मी बसणार, तुझी इथे गरज नाही, तू जा आणि घोडी पळव. तुझं ती ऐकते. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस. आणि पत्र मिळताच कर, उशीर लावू नकोस. रोज चहाच्या वेळी ती विचारते, राहू का मी तुझ्याजवळ? आजपर्यंत नाही म्हणालोय. उद्याचं माझं मला सांगता येत नाही.