शून्य युनिट

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
चैत्र संपत आलाय

प्रिय मल्हारी,

नाव घेतलं म्हणून दचकू नका. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं अन् मी ते पाळलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण 'अहो' म्हणायला तुम्ही समोर नाही, 'अजिनाथचे बाबा' लिहायला हात धजत नाही, मग मी लिहू तरी काय? अन् खरं सांगू, आता सवय झाली. दर महिन्याला मोबाईलवर लाईटचं बिल उघडलं की सगळ्यात वर तुमचंच नाव असतं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. शहराचं नाव बदललं, गल्लीचं नाव बदललं, तुमचं जागच्या जागी आहे. मी ते मोठ्यानं वाचते. घरात ऐकायला कोणी नसतं.

बिल मोबाईलवर बघायला मला सुकेशनीनं शिकवलं. तुम्ही गेलात तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जाणारी तुमची पोर आता दवाखान्यात नर्स आहे, सिडकोत खोली घेऊन राहते अन् मला शहाणपण शिकवते. कागदाचं बिल कधी वाऱ्यानं उडायचं, कधी शेजारच्या ओट्यावर पडायचं, म्हणून ती म्हणाली आई, आता असंच बघत जा. आधी ग्राहक क्रमांक टाकायचा. मग वेडीवाकडी अक्षरं दिसतात, ती जशीच्या तशी लिहायची. म्हणे बिल बघणारं खरंखुरं माणूस आहे, हे यंत्राला पटवून द्यायला लागतं. पहिल्यांदा मला लई हसू आलं होतं. मग मागचं रीडिंग, चालू रीडिंग, दोन्हीची वजाबाकी म्हणजे आपण जाळलेले युनिट. अन् एक असतो स्थिर आकार. दिवा लावा, नका लावू, तो द्यावाच लागतो. सुकेशनीला म्हटलं, हे कशाचे गं पैसे? तर म्हणाली, तारेनं जोडलेले आहोत त्याचे. मी म्हटलं मग कळलं, तुझ्या बापाबरोबरचं माझं लग्न म्हणजे स्थिर आकार. ती हसली नाही. मीच हसले.

बिलाच्या खालच्या अंगाला मागच्या वर्षभराच्या काड्या उभ्या असतात, ज्या महिन्यात जास्त जळलं त्याची काडी उंच. उन्हाळ्यात कूलर लागला की उंच, थंडीत बुटकी. सुकेशनीच्या परीक्षेच्या वेळी चांगली वाढली होती, ती सिडकोत राहायला गेली अन् एकदम खाली बसली. घरात काय चाललंय ते त्या काड्यांवरून कोणालाही कळावं. हे मी तुम्हाला का शिकवते आहे? तुम्हाला तर माझ्या आधीपासून येतं.

तो क्रमांक बारा आकडी आहे. लोक बिल हातात धरून एकेक आकडा टाकतात. मला पाठ आहे, अन् तुम्हाला माहीत आहे कशामुळं. आपण मेंढरांमागं फिरणं कमी करून हर्सूलला हा प्लॉट घेतला, मीटर बसलं, पहिलं बिल आलं, तेव्हा अजिनाथ नुकता आकडे शिकत होता. पाटी नव्हती म्हणून तुम्ही त्याला बिलावरचा नंबर वाचायला लावला. पोरानं त्याचं गाणंच केलं. संध्याकाळी मेंढरं वाघरीच्या जाळीत शिरायला लागली की हा दगडावर उभा राहून तोच नंबर म्हणायचा, जणू मोजणीच चालली आहे. मधे दोन शून्यं आहेत, तिथं थांबायचा, तोंडाचा चंबू करायचा अन् मग पुढं. मी मोबाईलवर नंबर टाकते तेव्हा अजून त्या दोन शून्यांवर माझं बोट थांबतं. तो म्हणून होईस्तोवर मी पुढं जात नाही. वेडी म्हणा हवं तर. पण स्वयंपाकघरातून स्पष्ट ऐकू येतं.

मागच्या दुष्काळात, टँकरसाठी लायनीत उभं राहायचे दिवस होते तेव्हा, एकदा बिल उघडलं तर ते आधीच भरलेलं. मला वाटलं सुकेशनीनं भरलं. ती नाही म्हणाली. माझ्या भावाला विचारलं, हनुमान भावजींना विचारलं, दोघांनी कानावर हात ठेवले. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. अन् एका दुपारी मनात आलं, नंबर पाठ असलेली माणसं तीनच. एक मी. एक तुम्ही, पण तुम्ही कुठं आहात कोणाला मालूम नाही. अन् तिसरा. मेलेल्या लेकरानं आईच्या घरचं बिल भरलं, असं मी त्या दुपारी खरंच मानलं, अन् तसं मानून मला बरं वाटलं. मग एकदा बिलात मागच्या थकबाकीच्या जागी वजाची खूण दिसली. सुकेशनी म्हणाली, कोणीतरी मागितल्यापेक्षा जास्त भरलंय. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. बाजारात सुटे परत न घेणारा, दुकानदाराला 'वरचे राहू द्या' म्हणणारा माणूस मी एकच बघितलाय. त्यावरून आपली भांडणं काय कमी झाली?

मला आनंद झाला असेल असं वाटत असेल, तर तसं झालं नाही. संताप आला. माणूस जिता आहे, कुठंतरी बसून मोबाईलमधे बायकोच्या घरच्या काड्या बघतो, भरतो अन् मोबाईल खिशात टाकतो. त्या वेड्यावाकड्या अक्षरांनी तुम्हालाही विचारलं असेल ना, माणूस आहात का म्हणून? काय उत्तर दिलंत?

आता ते बोलते जे बोलायला तुम्ही मला दिवसच दिला नाही. त्या उन्हाळ्यात हर्सूलचा तलाव तळापर्यंत भेगाळला, चारा संपला, म्हणून तुम्ही मेंढरं घेऊन कन्नडकडं निघालात, घाट उतरून खानदेशात जायचं म्हणून. शाळेला सुट्टी होती, अजिनाथ हट्टानं मागं लागला. घाटाच्या अलीकडं एका गावात टँकर आला अन् त्यानं पाणी विहिरीत सोडलं. सगळं गाव काठावर तुटून पडलं. तुम्ही मेंढरं आवरत होता अन् पोर कॅन घेऊन त्या गर्दीत शिरलं. पुढचं मला सांगायची गरज नाही. तुम्ही त्याला घरी आणलंत, दिवस घातलेत, मेंढरं भावजींच्या हवाली केलीत अन् कन्नडच्या बाजाराला जाऊन येतो म्हणून बसमधे बसलात. तेवढ्या दिवसांत एकदाही माझ्याकडं मान वर करून बघितलं नाहीत. तुम्ही ठरवूनच टाकलं होतं की मी तुम्हाला दोष देते.

मल्हारी, तुम्ही गेल्यावर त्या गावातल्या दोन बाया मला भेटायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, तुम्ही वरून तशीच उडी टाकली होती. तुम्हाला पोहता येत नाही हे त्यांना कुठं ठाऊक होतं? दोर सोडून बाहेर ओढलं तर तुम्ही परत आत शिरायला बघत होता, चार जणांनी धरून ठेवलं. हे तुम्ही मला सांगितलं नाही. मी तुम्हाला कधीच दोष दिला नाही. दिला असता तर तोंडावर दिला असता, माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. पोराला पाण्यानं नेलं, त्याला इलाज नव्हता. तुम्ही मात्र तुमच्या पायांनी चालत गेलात. राग आहे तो त्याचा आहे, अन् तो अजून तसाच आहे.

इकडचं सांगते. जिथं आपली मेंढरं चरायची तिथं आता सगळं प्लॉटिंग झालंय, जाटवाड्याच्या रस्त्यानं इमारतीच इमारती. एका बिल्डरला आपला अन् भावजींचा प्लॉट मिळून एकत्र पाहिजे. भावजी माणूस वाईट नाहीत, त्यांनाही दोन लेकी उजवायच्या आहेत. पण कागद तुमच्या नावावर, अन् तुम्ही म्हणजे असून अडचण नसून खोळंबा. म्हणून वकील केला. सात वर्षं ज्याची खबर नाही तो माणूस कायद्यानं मेलेला धरतात म्हणे. तुमची तर सातच्या वर कितीतरी झाली. मी फक्त कोर्टात उभं राहून शपथेवर सांगायचं, नवऱ्याची काही खबर नाही. मी वकिलाला बिलाचं सांगितलं. तो म्हणाला, "बिल भरलं गेलं ही काय खबर असते का बाई?" भावजी म्हणाले कोणाचा तरी आकडा चुकत असेल, मेलेला माणूस कुठं बिल भरतो का. मी म्हटलं, तेच तर म्हणते आहे मी. पण माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच. जित्या माणसाला मी माझ्या तोंडानं मारू कशी? अन् मारलं नाही तर पोरीच्या नावावर हे घर होणार कधी?

अन् मग मागच्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नव्हताच, पण म्हणायचं, मला डेंग्यू झाला. नळाला पाणी आठवड्यानं येतं, सगळ्यांच्या घरी टाक्या भरलेल्या, डासांना काय तोटा. सुकेशनी मला सिडकोत घेऊन गेली अन् चांगली हिंडाफिरायला लागेपर्यंत सोडलं नाही. इकडं घराला कुलूप. त्या बिलात काडी अगदी बोटाच्या पेराएवढी आली. परत आले तर कोपऱ्यावरच्या सखाराम किराणावाल्यानं मला हाक मारून थांबवलं. म्हणाला, एक माणूस आला होता. उन्हाचं तोंडाला उपरणं बांधलेलं, नुसते डोळे दिसत होते. तुमच्या घराकडं बघत लई वेळ पायरीवर बसला अन् मग विचारलं, "त्या घरातली माणसं बरी हायत का?" सखाराम म्हणाला, बाई आजारी होती, लेकीकडं आहे, आता बरी आहे. माणसानं मान हलवली, पाणी प्यायला, हातातली छत्री मानेमागं आडवी टाकली, तिच्यावर दोन्ही हात अडकवले अन् निघून गेला. भावजी म्हणतात मेंढरांमागं फिरलेली सगळीच माणसं तशी चालतात. चालत असतील. मी सखारामच्या त्या पायरीवर जाऊन बसले अन् चारचौघांत रडले.

म्हणून हे पत्र. टपालात टाकायला पत्ता नाही, पण तुम्ही काय वाचता ते मला कळलंय. उद्या मी मेन स्विच खाली करून सिडकोत राहायला जाते आहे. फ्रिज रिकामा केलाय, देवाला लेकीकडं नेलंय. घरात काहीच जळणार नाही. पुढचं बिल तुम्ही उघडाल तेव्हा शून्य युनिट दिसेल. काडीच नसेल. ते बघून तुम्ही यालच, अन् दाराला कुलूप बघून आधी मीटरकडं जाल. हे पत्र दुधाच्या पिशवीत गुंडाळून मेन स्विचच्या पेटीत ठेवलंय, म्हणजे आत्ता तुम्ही बाहेरच्या भिंतीशी उभे राहून वाचताय. घाबरू नका, मी मेलेली नाही. जूनमधे कोर्ट उघडलं की माझी तारीख आहे. तोवर हे पत्र इथंच राहिलं तर मी शपथेवर सांगेन की खबर नाही, अन् ते खोटं नसेल. शून्य बघूनही कोणी आलं नाही म्हणजे बघणारं कोणी उरलं नाही. पण आला असाल तर मला काही सांगू नका, माफी मागू नका, कोणाचं दार वाजवू नका. पुढच्या खोलीतल्या दिव्याचं बटण मी चालूच ठेवलंय. तुम्ही फक्त मेन स्विच वर करा. दिवा लागलेला समोरच्या द्वारकाबाईंना दिसतो, अन् त्या मला फोन करणार आहेत. सिडकोहून यायला मला वेळ लागतो, रिक्षा लवकर मिळत नाही. तेवढा वेळ थांबा.

तुमचीच,
रत्नमाला