वाचन : उत्तम

१ मे

निकाल वाटला. एकतीस मुलं, एकतीस वेळा ‘वाचन : उत्तम’. हात दुखला. दुसरं काही दुखलं नाही.

सहावीतल्या गीतांजलीला वाचता येत नाही, हे मला दिवाळीपासून ठाऊक आहे. धडे पाठ करते, ओळीखाली बोट फिरवते. मी मधेच पान उलटलं तर बोट नव्या पानावर, तोंडात जुनाच धडा! हेडमास्तर शेषराव म्हणाले, “वर्ग मागे दिसला तं वरून विचारणा होते. लिहा न बाई, उत्तम.” लिहिलं.

प्रगतिपुस्तक न्यायला तिचे आजोबा आले — सहदेवबाबा, झेंडू लावणारे. उजवा डोळा काचबिंदूनं गेलेला. डाव्याजवळ पुस्तक धरून बराच वेळ उभे. म्हणाले, “मास्तरनं मले तिसरीत दोनदा नापास केलं होतं. वाचता आल्याबिगर सोडलंच नाई.” हसले. मीही हसले. लाज वाटली, पण हसले.

२३ जून

शाळा उघडली. गीतांजली नाही.

२६ जून

तिच्या घरी गेले. सहदेवबाबा बाजेवर बसलेले. डावा डोळाही गेला!

निकालानंतर दोन दिवसांनी अकोल्याच्या दवाखान्यातून डोळ्याच्या थेंबांसोबत छापील कागद मिळाला होता. अक्षर बारीक, म्हणून बाबांनी तो नातीला वाचायला दिला. कागदावर होतं — शिशी संपली तरी थेंब बंद करू नयेत, नवी आणावी. तिला ‘शिशी’ आणि ‘बंद’ एवढंच लागलं. बाकीचं मनानं जोडलं — शिशी संपली का बंद. महिनाभर डोळ्यात थेंब नाही.

तिचा बाप देवानंद म्हणाला, “सहावी शिकून एवढं येत नाई, तं शायेत काहून धाडू? फुलं तोडू दे तिले आता.” पोरगी भिंतीकडे तोंड करून बसलेली. चूक माझी आहे, असं सांगायला गेले होते. चहा घेऊन परत आले. भ्याले मी.

२७ जून

शेषरावांना सगळं सांगितलं. “आपला काय संबंध, बाई?”

३० जून

बाबा शाळेत आले, गीतांजलीचा हात धरून. चाचपडत प्रगतिपुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. “माह्या डोयानं शेवटचं वाचलं ते हेच. तुमचं अक्षर होतं, म्हून दवाखान्याचा कागद हिच्या हाती देला.”

मला रडू आवरेना. माझं रडणं थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “हिले नापास करा, बाई.”