दुकानातले नवे दिवे

प्रिय धाकटे,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, दिवे कसे चाललेत, आणि मी दर वेळी छान म्हणते. फोन दुकानात, तुझे बाबा हातभर अंतरावर रफू करत बसलेले, मग दुसरं काय म्हणणार? आज ते शेजारच्या सलूनमध्ये दाढीला गेलेत. गप्पीदादाला मी सांगून ठेवलंय, आज त्यांना लवकर सोडू नकोस, दाढी झाली की केस काप, केस झाले की राजकारण काढ. त्याला तेवढं निमित्त पुरतं. तेवढ्या वेळात हे पत्र पाकिटात घालून चिकटवायचंय. सांगायचंय ते तुझ्या बाबांच्या डोळ्यांचं आहे, पण सुरुवात दिव्यांपासूनच करावी लागेल, कारण आमचीही तिथूनच झाली.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील, आईला कौतुक म्हणून कधी करता येत नाही. विजेचं बिल निम्म्यावर आलं, हे खरं. पूर्वी सारखा कुठला ना कुठला बल्ब जायचा, तोही नेमका गिऱ्हाईक दारात उभं असताना. मग मी स्टुलावर चढायची आणि तुझे बाबा स्टूल धरायचं सोडून खालून सूचना द्यायचे. ते बंद झालं. उन्हाळ्यात त्या बल्बखाली त्यांची मान भाजून निघायची, घामाचा थेंब कापडावर पडू नये म्हणून गळ्यात कायम टॉवेल असायचा. तो टॉवेल आता पुसायला घेतलाय. त्या गायनाच्या बाईंचा रेशमी स्कार्फ बल्बला टेकून करपला होता, आणि आपण तिघं त्यांच्यासमोर माना खाली घालून उभे होतो, आठवतं? आता एलईडीला कापड टेकलं काय आणि नाही काय. तू सुट्टीत आलीस, वायरमनला धरून आणलंस, स्वतःच्या पगारातून सगळं दुकान उजळून दिलंस, तेव्हा सलूनमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तोंड भरून सांगितलं होतं की हे माझ्या लेकीनं केलंय.

आता दुसरी बाजूही ऐक. थंडीत कामाला बसण्याआधी ते बल्बच्या शेडभोवती दोन्ही पंजे धरून बसायचे. बोटं सैल झाली की मगच सुई हातात घ्यायचे. दोऱ्याला लावायची मेणाची वडीसुद्धा त्या शेडवरच ठेवायचे, मऊ व्हायला. नव्या दिव्यांना ऊब नाही. पहिल्या थंडीत सवयीनं पंजे धरून बसले, मग जरा वेळानं स्वतःशीच हसले आणि हात काखेत घातले. मी गरम पाण्याची बाटली करून द्यायला लागले. ती त्यांना आजारी माणसाची वाटते, पण घेतात. आणि ते दिवे वर्षानुवर्षं टिकतात म्हणे, पण एखादा फडफडायला लागला की एक बल्ब काढून दुसरा लावला असं होत नाही. अख्खी पट्टी उतरवायची आणि वायरमनच्या मागे हात धुऊन लागायचं. ते असो. ही रडगाणी मी तुला पत्र लिहून सांगितली नसती.

खरी पंचाईत रंगांची झाली. भोक कुठे होतं हे ज्याचं कापड आहे त्यालाही सापडू नये, तरच त्याला रफू म्हणायचं, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. त्यासाठी वीण जमावी लागते आणि दोऱ्याचा रंग जमावा लागतो. पिवळ्या उजेडात कुठला रंग किती फसवतो ते त्यांच्या अंगात मुरलं होतं. निळा काळपट दिसणार, राखाडी मळका दिसणार, हे धरूनच त्यांचा हात रिळाकडे जायचा. पांढऱ्या उजेडात ते सगळं उलटंपालटं झालं. एका निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचा गडद निळा कोट आला होता, निरोपसमारंभात घालायचा. बाहीला कसर लागली होती. काम इतकं सुंदर झालं की मी दिव्याखाली धरून बघितलं तर मलाही जागा सापडेना. मुख्याध्यापक कोट घालून रस्त्यावर उन्हात गेले आणि तसेच मागे फिरले. बाहीवर शेवाळं धरल्यासारखा हिरवट ठिपका. भला माणूस, आवाजही चढवला नाही. तुझ्या बाबांनी मात्र मेलेलं लेकरू घ्यावं तसा तो कोट हातात घेतला. इतक्या वर्षांत त्यांचं काम कधी परत आलं नव्हतं.

आम्ही दिव्याला दोष दिला. देणारच, मलाही तो दोरा निळाच दिसला होता ना. वायरमन म्हणाला, हा साधा माल आहे, ह्यात रंग खरे दिसत नाहीत. मग जरा पिवळसर झाक असलेला एलईडी आणला. त्यात त्यांना मळभ आल्यासारखं वाटायचं. मग रंग खरे दाखवणारा महागातला आणला. त्यात मला सगळं लख्ख दिसायचं, पण ते म्हणायचे, उजेड कमीच पडतो. मग मान वाकवता येणारा टेबलावरचा दिवा आला, मग भिंतीवरचा आला. गप्पीदादा विचारायला लागला, हे रफूचं दुकान आहे की लग्नाचा हॉल. आणि तुझ्यापासून कशाला लपवू, मला तुझा राग यायचा. वाटायचं, कुणी सांगितली होती हिला ही उठाठेव? चाललं होतं ते चांगलं चाललं होतं. फोनवर तू दिव्यांचं विचारलंस की मी छान म्हणायची आणि फोन ठेवल्यावर आदळआपट करायची. ते मला म्हणायचे, पोरीनं मायेनं केलंय, तिला एक अक्षर बोलायचं नाही.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. दोरा निवडायचा तो उन्हात, फुटपाथवर जाऊन. आत बसून फक्त विणायचं. एका हातात कापड, दुसऱ्या हाताच्या बोटांत सगळी रिळं अडकवलेली, असे ते दारासमोर उभे राहायचे. लोकांना ते ओळखीचं झालं. गप्पीदादा खुर्ची बाहेर काढून द्यायचा. माझा जीव जरा खाली बसला, कारण उन्हाला कसला आलाय कमीजास्तपणा. आणि मग एका भर दुपारी मी दारात ताक पीत उभी होते. ते एका राखाडी विजारीवर रीळ धरून बघत होते, रंग बरोबर जुळला की मान डोलावतात तशी त्यांनी मान डोलावली, आणि ते रीळ जांभळं होतं. एवढंसं नाही, चांगलं वांग्यासारखं जांभळं. ते वळले, बाजूला ठेवलेल्या गप्पीदादाच्या खुर्चीवर आदळले आणि खुर्ची मध्ये ठेवली म्हणून त्याच्यावर चिडले. खुर्ची मध्ये नव्हती गं. वर सूर्य तळपत होता, आणि माझ्यापाशी दोष द्यायला एकही दिवा उरला नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बरीच यंत्रं लावून तपासलं. काचबिंदू आहे. दुखत नाही, खुपत नाही, भिंतीचा एकेक चिरा निखळावा तशी कडेनं नजर कमी होत जाते, आणि माणसाला वाटतं उजेड कमी पडतोय. उजवा डोळा जवळजवळ गेलाय. डाव्याला मधे थोडी जागा उरलीय, कुलपाच्या भोकातून बघावं तेवढी. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंबांनी राखायचं, आणि थेंबांना ते दाद देत नाहीये. बाईंनी विचारलं, कधीपासून कमी दिसतंय, तर हे म्हणाले, नवे दिवे लावल्यापासून. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या की दिव्यानं हे होत नाही, हे आधीपासूनच असणार, आणि तेव्हाच आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. आम्ही तेव्हा वायरमनकडे जात होतो.

म्हणून तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातलीय. गल्लीत लोक बोलतातच, पांढऱ्या दिव्यांनी म्हाताऱ्याचे डोळे खाल्ले. हे कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर गेलं तर तू जन्मभर स्वतःला खात बसशील, ही त्यांना धास्ती. तर मी तुला डॉक्टरीणबाईंचं सांगितलं ते लक्षात ठेव, तुझ्या दिव्यांचा ह्यात काही हात नाही. पण मनात जे येतं तेही सांगते, तुझ्यापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी? जुने बल्ब असते आणि असाच हिरवा ठिपका पडला असता, तर दोष द्यायला दुसरं काही नसतं. आम्ही सरळ डोळेच तपासून घेतले असते. असं आपलं मला वाटतं. ह्यावर तू काही उत्तर देऊ नकोस.

आता दोरा मी निवडते आणि ते बोटांनी चाचपत विणतात. जाडंभरडं कापड जमतं. बारीक विणीचं येईल त्याला मी सांगते की हातात कामं खूप आहेत, आणि ते आतून ऐकतात. कामं खूप नाहीत. ह्या वर्षानंतर दुकान ठेवण्यात अर्थ नाही, हे आम्ही दोघं जाणून आहोत आणि दोघंही बोलत नाही. सगळे दिवे दिवसभर चालू असतात. मी एखादा बंद केला की त्यांना कळतं, लगेच विचारतात.

गप्पीदादानं खाकरून खूण केली, म्हणजे पावडर लावतोय. तर हे कशासाठी लिहिलं ते सांगते आणि पुरं करते. तू म्हणतेस, पुढच्या वर्षी नक्की रजा मिळेल. पुढच्या वर्षी आलीस तर ते तुझ्या गालावरून हात फिरवतील आणि वाळलीस की सुटलीस ते बरोबर सांगतील. बघायचं असेल तर त्यांना तुला आत्ताच बघता येईल. परवा मी मुद्दाम त्यांच्या अगदी समोर बसून माझं काय काय दिसतं ते विचारून बघितलं. केस नाहीत, कान नाहीत, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा अजून मावतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, ही जागासुद्धा थंडी सरेपर्यंत राहील असं समजू नका. तुझी नोकरी, तिथली माणसं, तिकडचे नियम, मला सगळं कळतं, आणि तुला जमणार नाही हेही मला बहुतेक कळतं. तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही. मी तुला बोलावलंय हे त्यांना सांगितलेलं नाही. ते दाराकडे तोंड करून बसायला लागतील, आणि ते बघायची माझ्यात ताकद नाही.

वाट बघणार नाही म्हणत बघत बसलेली,
तुझीच,
आई