शिक्षकाने दोनच मिनिटं बोलावं

७ जुलै, सोमवार. नायमेखनच्या वर्कशॉपहून परतताना, ट्रेनमध्ये.

नेदरलँड्समधल्या तमाम संगीतशिक्षकहो! आयुष्यभर शिकवल्यावर शिकवायचं कसं हे शिकायला ज्यांना ऐन सुट्टीत पाठवलं जातं, त्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! हा अपमान आपण किती दिवस गिळणार?

(हे शुक्रवारी म्हणेन. आज संधी मिळाली नाही. आज दिवसभर टाळ्या वाजवत एकमेकांची नावं पाठ केली.)

परिस्थिती गंभीर आहे. फेल्डहोवनच्या म्युझिक स्कूलमध्ये शनिवारी माझा हार्मोनियमचा वर्ग असतो. त्यांनी फर्मान काढलंय: समर वर्कशॉप करा, शुक्रवारी आपल्या एका विद्यार्थ्याला सर्वांसमोर पंधरा मिनिटं शिकवून दाखवा. त्यावर सप्टेंबरचा वर्ग द्यायचा की नाही ते ठरणार. सुचेता इथे इंजिनिअर. मी तिच्या व्हिसावर आलो. वर्ग आहे म्हणून मी दत्ता सर. वर्ग गेला की सुचेताचे मिस्टर.

जाणार नाही. पुण्यात वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक माझं भाषण ऐकताना घंटा वाजवायला विसरत.

८ जुलै, मंगळवार

ट्रेनर मारायके अनवाणी फिरते, गळ्यात स्टॉपवॉच. म्हणाली, पंधरा मिनिटांच्या पाठात शिक्षकाने दोनच मिनिटं बोलावं. दोन! माझा नुसता श्वास तेवढा लांब आहे.

मी उभा राहून विचारलं, मग उरलेला वेळ विद्यार्थ्याने करायचं काय?

ती म्हणाली, वाजवायचं.

सगळे हसले. प्रश्नाची धार पोचली.

९ जुलै, बुधवार

विद्यार्थीच नाही! सुट्टी लागताच सगळे भारतात पळाले. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना, प्रकाशला, फोन केला. म्हणाला, सर, आम्ही कोथरूडला, झूमवर चालेल का? पेटीचा भाता झूमवर कोण ओढणार?

उरली एकटी श्रुती, आशुतोषची मुलगी. वय नऊ, दोन वर्षं माझ्याकडे. आशुतोष म्हणाला, तिला विचारून कळवतो, सर. मुलीला विचारायचं! इथलं पाणी लागलंय याला.

संध्याकाळी मेसेज: येईल म्हणते, पण वाजवायला मिळणार असेल तर.

अर्थातच, असं कळवलं. किती मनाला लावून घेतात मुलं.

१० जुलै, गुरुवार

तालीम. सुचेता मोबाइलवर टायमर लावून बसली. नमस्कार आणि प्रस्तावना यातच टायमर वाजला. ती म्हणाली, अरे दत्ता, तू अजून पेटीचं झाकणसुद्धा काढलं नाहीस! मी सांगितलं, उत्कंठा वाढवतोय. ती म्हणाली, माझी वाढली, आता काढ.

दुसऱ्यांदा करून दाखवलं. आणखी लांबलं. पण दर्जा वाढला.

मग टायमर ठेवून ती हळूच म्हणाली, इथे आल्यावर पहिल्या वर्षी दिवसभर खिडकीशी बसायचास. तो चेहरा मला परत बघायचा नाही. उद्या त्यांचं ऐक, प्लीज.

वचन दिलं. दोन मिनिटं. फार तर तीन.

११ जुलै, शुक्रवार. पाठ संपल्यावर, कँटीनमध्ये.

दुसरी कॉफी मागवलीय. विजयाची.

'सा' म्हणजे काय, इथून सुरुवात केली. दोन मिनिटांनी स्टॉपवॉच वाजलं तेव्हा नेमका मुद्दा रंगात आला होता. मध्येच सोडला असता तर श्रुतीचं नुकसान झालं असतं. तिने हात वर करून डचमध्ये विचारलं, सर, आता? मी म्हटलं, थांब बाळ, आधी पाया. थोड्या वेळाने पुन्हा, आता? म्हटलं, जवळच आलोय. हॉलमध्ये इतकी शांतता मी आजवर मिळवली नव्हती. मारायके तर डोळे मिटून ऐकत होती.

वेळ संपला. मारायकेने श्रुतीला विचारलं, दोन वर्षांत काय शिकलीस?

श्रुतीने विचार केला. ताठ बसायला, म्हणाली.

हॉलमध्ये हशा फुटला. मग ती म्हणाली, आता वाजवू ना? आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पेटी आपल्याकडे फिरवली. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने स्टेशनवरच्या घोषणेची धून. मग तीच धून खालच्या सुरांतून, वेडीवाकडी, हसत हसत. लोक उभे राहिले. मी वाकून अभिवादन केलं.

कोणी शिकवलं गं, विचारलं. इंग्रजीत म्हणाली, नोबडी.

म्हणजे नकळत मीच.

१४ जुलै, सोमवार

म्युझिक स्कूलचा मेल आला, पालकांनाही तोच. सप्टेंबरपासून वर्ग नाही.

सुचेताला पुन्हा वाचायला सांगितलं, कुठे 'परंतु' आहे का बघ म्हणून. नव्हता. तिने रजा टाकली आणि शेजारी बसून राहिली. एकही टोमणा मारला नाही. ते फार लागलं.

प्रकाशचा मेसेज: वाईट वाटलं, सर. मुलगा विचारतोय, मग शनिवारी फुटबॉल?

दुपारभर बसून 'जागे व्हा, पालकहो!' असं निवेदन लिहिलं. सुचेताने वाचलं. म्हणाली, यात मुलं कुठे आहेत?

शोधली. नव्हती.

संध्याकाळी निवेदन बाजूला ठेवून आशुतोषच्या फोनवर एवढंच पाठवलं:

श्रुती, शनिवारी सकाळी आमच्या घरी ये. पेटी उघडून ठेवतो. तू वाजव. मी फार बोलणार नाही.