बिरू गायला, खालच्या पट्टीत

छत्रपती संभाजीनगर,
सोमवार

प्रिय मोनिका,

आधी बातमी सांगून टाकते, उगीच तुझा जीव टांगणीला नको. बिरू गायला! मागं रेकॉर्डिंग लावून नुसते ओठ हलवले नाहीत, की पाहुण्यासारखा खुर्चीत बसून टाळ्याही वाजवल्या नाहीत. गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला आणि स्वतःची गाणी स्वतः गायला. त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लोक काय काय बोलत होते. कुणी म्हणे आवाज कायमचा गेला, कुणी म्हणे आता गावाकडं मेंढरं राखतो. तूच ते सगळं मला पाठवायचीस आणि खाली रडकी तोंडं टाकायचीस. काल संध्याकाळी तो आपल्या सिडकोतल्या क्लबात आला होता, आणि आज सकाळपासून मी इतकी हलकी आहे की पोळ्या करतानासुद्धा गुणगुणत होते. तुझा दादा म्हणाला, तव्यावर तरी दया कर.

तुझी खुर्ची रिकामी होती, हे मात्र लिहिणारच. तिथं सिल्लोडलाच लग्न आहे, अष्टकं म्हणायची आहेत, असं तू कळवलंस. बाई, कॅलेंडर आमच्याही भिंतीवर आहे. काल मुहूर्तच नव्हता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी भांडायला आले असते, पण तू का आली नाहीस ते मला ठाऊक आहे, म्हणून त्या खुर्चीवर मी माझी पर्स ठेवली आणि कुणालाही बसू दिलं नाही. तुझा दादा पलीकडे बसून सारखा विचारत होता की पर्सचंही तिकीट काढलंय का. कृष्णाला आम्ही घरीच आईंजवळ ठेवलं होतं, नाहीतर त्यानं त्या खुर्चीवर उड्या मारल्या असत्या.

क्लब म्हणजे तू डोळ्यांपुढं काय आणशील ते मला माहीत आहे. तसलं काही नाही. बॅडमिंटनचा हॉल, खाली कोर्टाच्या पट्ट्या, त्यावर लग्नातल्या असतात तशा पांढऱ्या कव्हराच्या खुर्च्या, आणि कँटीनमधून भज्यांचा वास. आणि आपल्याकडचा कार्यक्रम सत्काराशिवाय सुरू झालाय कधी? क्लबाचे अध्यक्ष काकासाहेब माईक सोडायलाच तयार नव्हते. शाल झाली, श्रीफळ झालं, मग प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचाही सत्कार. शेवटी बिरूला इतका घट्ट फेटा बांधला की त्याचे दोन्ही कान आत गेले. बिचारा गिटार लावायला बसला तर त्याला तारच ऐकू येईना. एका हातात नारळ, एका हातात गिटार, डोक्यावर फेटा, आणि समोर सगळं गाव त्याचा आवाज शिल्लक आहे का ते बघायला आलेलं. मला इतकी धाकधूक झाली की मी तुझ्या दादाचा हात धरला. चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच. तो इकडं तिकडं बघायला लागला.

मग बिरूनं फेटा उतरवला, नारळासकट पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आईच्या मांडीवर ठेवला आणि गळ्यातला मफलर काढला. मोनिका, गळ्यावर एक बारीक आडवी रेघ आहे. पोतीचा दोरा असावा इतकीच. मी मनात काय काय चित्र रंगवलं होतं, आणि निघाली ती एवढीशी रेघ. मफलर खिशात कोंबून तो माईकवर म्हणाला, "डॉक्टरनं गाठ काढून घेतली, आवाज माघारी दिला. वरची पट्टी तेवढी ठिवून घेतली. आता हाय त्यात भागवू." लोक हसले. मीही हसले.

पहिलंच गाणं आपलं घेतलं. गुलमंडीचं. तुला आठवतं, माझं नवीन लग्न झालं होतं, तू कॉलेजात होतीस आणि आईंनी आपल्याला ब्लाउजपीस आणायला स्कूटीवर गुलमंडीत पाठवलं होतं? मला या शहरातलं काही ठाऊक नव्हतं, घरातही मी अजून पाहुणीच होते. त्या गर्दीत स्कूटी थांबवून तू एक इअरफोन माझ्या कानात घातलास आणि म्हणालीस, "वहिनी, हे ऐक, हा आपल्याकडचाच हाय." घोंगड्या विकायला आलेला मेंढपाळ गुलमंडीत वाट चुकतो, माणसांच्या कळपात ढकलला जातो आणि शेवटी वर मान करून म्हणतो, हाक मारा गं कुणीतरी. ती शेवटची ओळ तो किती वर न्यायचा! आपण परत येताना हर्सूलपर्यंत ती ओळ ओरडत आलो. तू ती अगदी त्याच्याइतकी वर न्यायचीस, आणि मी बेसूर. या घरात माझं कुणीतरी आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

काल तीच ओळ जवळ येत चालली तशी मी खुर्चीच्या कडेला सरकले. गाणं तो खालच्या पट्टीतून गात होता. आवाज पूर्वीपेक्षा जाड झालाय, कडेला थोडा खरखरीत. पहिलं कडवं मला परकं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या कडव्याला कान सरावले. शब्द आता जास्त कळतात, कारण पूर्वी आपण त्याच्या आवाजाच्याच मागं धावायचो. मग ती ओळ आली. त्यानं मान वर केली, सूर उचलला, आणि आवाज फाटला. अर्ध्यात तुटला. हॉल गप्प. काकासाहेबसुद्धा गप्प, म्हणजे बघ. बिरू तसाच उभा, बोटं तारांवर, आणि मला वाटलं, संपलं. मी तुला काय सांगू आता?

तेवढ्यात त्याच्या आईनं, राजाबाईंनी, मांडीवरचा फेटा बाजूला ठेवला, एक हात कानावर घेतला आणि बसल्या जागेवरून ती ओळ उचलली. धनगरांच्या ओव्या गाताना एकजण पुढं गातो आणि मागचे त्याची ओळ झेलून वर नेतात, त्याला झील म्हणतात ना, अगदी तशी. माईक नाही, काही नाही. म्हातारीचा आवाज हॉलच्या पत्र्याला जाऊन लागला. दुसऱ्यांदा मागच्या रांगेतल्या बायकांनी उचलली, तिसऱ्यांदा सगळ्यांनी. मीही गायले, तुझ्या दादानं माझ्याकडं बघून कानावर हात ठेवले तरी गायले. आणि बिरू हसला. हसून आमच्या सगळ्यांच्या खालून, आपल्या नव्या आवाजात तीच ओळ गायला लागला. वर आम्ही आणि खाली तो. ते गाणं इतकं सुंदर मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मी ढसाढसा रडले. दुःखानं नाही गं. किती तरी दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. त्यानंतर तो तासभर गायला. कुठं वर जाता येत नसलं की जात नव्हता, दुसऱ्या वाटेनं येत होता, आणि कुणालाच काही कमी वाटलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर लोक फोटोसाठी रांगेत उभे राहिले, मीही राहिले. माझा नंबर आला तेव्हा फोटो राहिला बाजूला, मी सरळ विचारलं, गाठ कळल्यावर तुम्ही किती थांबलात? दादा गाडी काढायला गेला होता, म्हणून विचारता आलं. बिरूला राग आला नाही. म्हणाला, "लई पळालो ताई. हा कार्यक्रम होऊ दे, ती जत्रा होऊ दे. मला भ्या आवाजाचं, अन् डॉक्टर बोलायला जिवाचं. दोघं येगळंच बोलायलो." मी विचारलं, शुद्धीवर आल्यावर आवाज आला का? तो म्हणाला, आधी नुसती हवा आली, मग बरेच दिवस घोगरा, मग हळूहळू हा. पूर्वीचा आला नाही, येणारही नाही असं डॉक्टर म्हणतात. हे तो लपवत नव्हता, म्हणून मीही तुझ्यापासून लपवत नाही.

राजाबाई शेजारीच होत्या, नारळ पदरात घेऊन. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "कुनाला हाय गं?" मी म्हणाले, नणंदेला. डॉक्टरांकडून निघाल्यापासून ही गोष्ट मी पहिल्यांदा तोंडाबाहेर काढली. तू शपथ घातली होतीस ना, घरात कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून. घरात अजूनही कुणाला सांगितलेलं नाही. म्हातारी म्हणाली, "मग हितं काय करायलीस? तिच्याकडं जा." एवढंच बोलून त्या बिरूला पाणी द्यायला वळल्या.

तुझ्याकडं आले असते, पण तुझ्या घरी सासू, जावा, पोरं. तिथं हा विषय काढता येत नाही. फोनवर काढला की तुला लगेच दारात कुणीतरी आल्यासारखं होतं. म्हणून हे पत्र. दादा उद्या सिल्लोडला येतोय, त्याच्या हाती पाकीट चिकटवून देते. आत ब्लाउजचं माप आहे असं त्याला वाटतंय.

हा सीझन संपू दे, मग बघू, असं तू त्या दिवशी डॉक्टरांसमोर म्हणालीस. गाठीच्या सुईच्या तपासणीत शंका आलीय, लांबवू नका, असं ते दोनदा म्हणाले आणि तू दोन्ही वेळा लग्नाच्या तारखाच सांगत राहिलीस. आवाज गेला तर मी कोण, असं रिक्षात हळूच म्हणालीस तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. काल ते ऐकून आले.

तरी मी फोनच करणार होते, पण आज सकाळी एक गोष्ट झाली. कृष्णाला शाळेचे मोजे घालता घालता आईंनी कौतुकानं मोबाइल लावला. म्हणाल्या, मोनिकानं पाठवलंय, जपून ठेव म्हणाली. बघितलं तर तुझ्या आवाजात मंगलाष्टकं. जोडप्याची आणि घरच्यांची नावं गुंफून तू नेहमी म्हणतेस तशी, आणि त्यात नवरदेव म्हणून कृष्णाचं नाव. दुसरीत जाणारं पोर ते, लाजून पलंगाखाली गेलं. आई पोट धरून हसल्या, दादा हसला. मी मात्र ओट्याकडं तोंड करून उभी राहिले, कारण नवरीचं नाव यायच्या जागी तू थांबली होतीस. एका नावापुरती जागा सोडून पुढं सावधान म्हणाली होतीस. मला कळलं गं तू काय करते आहेस. ते पुसून टाक, मोनिका, आईंच्या मोबाइलमधून मी पुसते. पुढच्या सोमवारची डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, तू ये, तुझ्यासोबत आत मी असेन. मला तुझा आवाज नको, तू हवी आहेस. कृष्णाच्या लग्नात बोहल्याशेजारी माईक धरून तूच उभी राहायचीस. आवाज उतरला तर उतरू दे, घोगरा झाला तर होऊ दे. पण नवरीचं नाव तुझ्या तोंडून आलं पाहिजे.

सोमवारी बसस्टँडवर उभी असेन,

तुझीच,
अपेक्षा वहिनी